दोंग, पंदि, फँड्री: सोलापुरातल्या एका वसाहतीतले तीन पडदे

पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्वेला, शहर संपून माळ सुरू होतो तिथल्या एका घरकुल वसाहतीतलं हे प्रकरण. वसाहतीचं आणि माणसांचं नाव इथे दिलेलं नाही; ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. मी तिथे राहत नाही. तिथल्या एका खोलीत आम्ही चौघं-पाचजण आठवड्यातून तीन संध्याकाळी वाचनालय उघडतो, त्यामुळे यात ओढली गेले.

सोलापूर बहुभाषिक शहर आहे, हे वाक्य आमच्याकडे प्रत्येक भाषणात येतं. त्याच्यामागोमाग चार हुतात्मे येतात: मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा. वेगवेगळ्या समाजांतले चौघं, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले. त्याचा अभिमान खोटा नाही. पण भाषण संपलं की माणूस आपापल्या पेठेत परत जातो. पद्मशाली पूर्व भागात, मागांच्या खडखडाटात. तेलंगणातून विणकामासाठी आलेल्यांच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या घरातही अजून तेलुगूच. कन्नड बोलणारे लिंगायत, त्यांचा गोतावळा अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरपर्यंत पसरलेला. दखनी बोलणारे मुसलमान, ज्यांचं ‘नक्को’ मूळचं आपलंच ‘नको’. आणि सेटलमेंट.

सेटलमेंट हे सोलापुरात आज एका भागाचं नाव आहे. रिक्षावाल्याला सांगितलं की तो नेतो, पुढे काही विचारत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. पुढे मुंबई इलाख्यात अशा लोकांना कुंपणाआड ठेवण्याच्या वसाहती झाल्या, त्यांतली एक सोलापूरची. हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर परवाना घ्यायचा. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला आणि या जमातींना ‘विमुक्त’ हा शब्द मिळाला. कैकाडी त्यांतलेच. टोपल्या आणि कणग्या विणणारे, काही घरांत डुकरं पाळणारे. सरकारी कागदावर तर त्यांची आणखी एक गंमत आहे: विदर्भातला कैकाडी अनुसूचित जातीत, बाकी महाराष्ट्रातला विमुक्त जातीत. माणूस तोच, जिल्हा बदलला की रकाना बदलतो.

या वसाहतीत घरं चिठ्ठ्या टाकून वाटली गेली. ज्याला जो नंबर निघाला तो त्याचा. त्यामुळे पेठेपेठेत वेगळी राहिलेली माणसं पहिल्यांदा भिंतीला भिंत लावून राहायला आली. विड्या वळणाऱ्या एका तेलुगू आजीबाईंच्या शेजारी कैकाडी कुटुंब आलं, पलीकडे दखनी बोलणारं, समोर कन्नड. आजीबाईंना सगळे अव्वा म्हणतात, मीही तेच म्हणेन. कैकाडी घरातल्या बाईंना मी मावशी म्हणते.

अडचण

सोलापुरात पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, आणि आलं की रात्रीचे दोन वाजले असले तरी घरातली सगळी भांडी रांगेत लागतात. वसाहतीत तेव्हा घरोघर नळ नव्हते, गल्लीच्या तोंडाला एक होता. भांडणं तिथेच व्हायची, आणि बहुतेक तिथल्या तिथे मिटायचीही.

हे मिटलं नाही. अव्वांच्या नातवाने रांगेतली दुसऱ्याची घागर पुढे सरकवून स्वतःची मध्ये घुसवली. अव्वांनी त्याच्या पाठीत लाडाने थाप मारली आणि हसत म्हणाल्या, “दोंग!” तेलुगूत दोंग म्हणजे चोर. नातवाला म्हणताना त्याचा अर्थ आपण ‘लबाडा’ म्हणतो तेवढाच. पण त्या क्षणी नातवाच्या मागे मावशींचा मुलगा घागर घेऊन उभा होता, आणि मावशींना तेलुगू येत नसलं तरी हा एक शब्द येत होता. ‘चोर’ला इथल्या प्रत्येक भाषेत काय म्हणतात, हे त्यांच्या घरात लहानपणीच कळतं. त्यांच्या सासऱ्यांचं बालपण तारेच्या आत गेलं होतं.

“माझ्या पोराला चोर म्हणलालीस?”

अव्वांना प्रश्नच कळला नाही. त्या अजून हसत होत्या, आणि ते हसणंच जास्त झोंबलं. हंडे आदळले, एकीचं मंगळसूत्र तुटलं, प्रकरण चौकीवर गेलं. अदखलपात्र नोंद झाली. दुसऱ्या दिवसापासून एका नळाला दोन रांगा, आणि कोणत्या रांगेत आधी घागर भरायची यावर दर खेपेला नवा वाद. मुलांनी वाचनालयातही बाकं वाटून घेतली, तेव्हा आमच्या लक्षात आलं.

दोघींशी मी वेगवेगळं बोलले. अव्वांचं उभं आयुष्य या शहरात गेलं होतं, पण सेटलमेंटला सेटलमेंट का म्हणतात हे त्यांना माहीत नव्हतं. ‘सरकारी कॉलनी असेल’ असा त्यांचा समज होता. मावशींना हे पटेना की कोणी आपल्याच नातवाला चोर म्हणून लाड करतं. दोघीही खोटं बोलत नव्हत्या.

कोणते मार्ग होते

पहिला मार्ग चौकीचा. साहेब म्हणाले, दोन्हीकडच्या प्रतिष्ठितांना बोलवा, शांतता समितीची बैठक घेऊ. आम्ही नको म्हटलं. बैठकीला पुरुष आले असते, भांडण बायकांचं होतं. आणि कैकाडी माणसाला चौकीवर बोलावून ‘शांतता ठेवा’ म्हणण्यात जो जुना वास आहे तो आम्हाला नको होता.

दुसरा मार्ग हळदीकुंकू किंवा सहभोजन. आमच्यातल्या एका काकूंचा याच्यावर फार भर होता. पण सण कुणाचा, स्वयंपाक कुणाच्या हातचा, कोण जेवेल आणि कोण ‘उपास आहे’ म्हणेल, हे सगळं आम्हाला आधीच दिसत होतं. तिसरी सूचना अशी की नळावर सगळ्यांनी मराठीतच बोलायचं. ती मराठी बोलणाऱ्यांकडून आली, हे वेगळं सांगायला नको.

सिनेमाची कल्पना वाचनालयातल्या एका पोराची. तो म्हणाला, भांडण भाषेचं आहे तर भाषा ऐकवू. आमच्यातल्या एकाने नायजेरियाबद्दल वाचलं होतं: पाचशेहून अधिक भाषांचा देश, तिथे १९९२ मध्ये इग्बो भाषेतल्या एका व्हिडिओपटापासून मोठा व्यवसाय उभा राहिला, योरुबात आणि हौसातही सिनेमे होतात, खाली इंग्रजी ओळी असल्या की एका समाजाचं घर दुसऱ्याला दिसतं. ऐकायला छान होतं. पण इथे खालच्या ओळी वाचणार कोण? अव्वांना वाचता येत नाही, मावशींना सहीपुरतं येतं.

त्यात एक प्रश्न असा होता जो मला अजूनही महत्त्वाचा वाटतो. तेलुगू सिनेमे तर वसाहतीतले सगळे रोजच बघत होते! टीव्हीवर, मोबाइलवर, हिंदीत डब केलेले. कैकाडी पोरांना तेलुगू हिरोंची नावं, चाल, हातवारे सगळं पाठ. इतकी वर्षं बघून समज का वाढली नाही? उत्तर सोपं होतं. डबिंगने गोष्ट पोचवली होती आणि भाषा काढून घेतली होती. पोरांच्या दृष्टीने तो हिरो हिंदी बोलणाराच, शेजारच्या अव्वांशी त्याचा काही संबंध नाही.

म्हणून ठरवलं की दाखवायचं ते मूळ भाषेत. डब नाही. खालच्या ओळींवरही भिस्त नाही. मध्ये मध्ये थांबवायचं आणि ती भाषा ज्याची आहे त्याने मराठीत सांगायचं.

पहिला पडदा

जागेवरून दोन बैठका झाल्या. समाजमंदिर तेलुगू गल्लीत होतं, मार्कंडेयाच्या देवळालगत. तिथे पडदा लावला असता तर पलीकडचे आले नसते. शेवटी पाण्याच्या टाकीखालचं मोकळं मैदान धरलं, कारण ते कुणाच्याच दारात नव्हतं. पडद्यासाठी पांढरं मोठं कापड हवं होतं. चादरींच्या गावात पांढरी चादर मिळेना, सगळ्यांवर मोर आणि फुलं! मांडववाल्याकडून मांजरपाट आणलं आणि दोन बांबूंना ताणून बांधलं.

सिनेमा निवडला १९५७ चा तेलुगू ‘मायाबाजार’. तीन कारणं होती. भारतीय कायद्यानुसार सिनेमावरचा हक्क प्रदर्शनाच्या साठ वर्षांनंतर संपतो, त्यामुळे परवानगीचा घोळ कमी. मारामारी बेताची. आणि मुख्य म्हणजे गोष्ट सगळ्यांना ठाऊक: बलरामाच्या मुलीचं अभिमन्यूशी लग्न व्हावं म्हणून घटोत्कच मायेचा बाजार मांडतो. मूळ संस्कृत महाभारतात हे नाही, पण आपल्याकडे ते वत्सलाहरण म्हणून चालत आलेलं, तेलुगूत तीच शशिरेखा. गोष्ट माहीत असली की कान भाषेकडे लागतो, असा आमचा अंदाज.

सिनेमा तीन तासांचा, मध्ये थांबवायचा म्हणजे साडेचार. दोन रात्रींत विभागला. सांगायला उभी राहिली अव्वांची नात, नववीतली, मराठी शाळेतली. पहिली वीस मिनिटं ती शाळेत धडा वाचावा तसं सांगत होती आणि लोक मोबाइल बघत होते.

मग घटोत्कच जेवायला बसला. एस. व्ही. रंगारावांचा तो घटोत्कच लग्नाच्या पंगतीची ताटं एकटा रिचवतो. तिथे सांगण्यासारखं काही नव्हतं, सगळं मैदान हसत होतं. त्याच्या पुढे-मागे एका ठिकाणी फक्त तेलुगू बायका हसल्या. बाकीचे गप्प. नातीने काहीतरी सांगून पुढे न्यायचा प्रयत्न केला, पण मागून एक खाला ओरडल्या, “ए बेटी, वो कायकू हसे? बोल ना!” नात लाजली. पुन्हा आवाज आला. तिने आज्जीकडे बघितलं. अव्वा उठल्या आणि मोडक्यातोडक्या मराठीत त्यांनी तो विनोद सांगितला. विनोद मराठीत पडलाच, पण अव्वा पडद्यापुढे उभ्या राहिल्या होत्या आणि शंभरेक माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

हा मला या प्रकरणातला पहिला खरा वळणाचा क्षण वाटतो. एरवी पेठेत, शाळेत, दवाखान्यात अव्वांनाच विचारत फिरावं लागतं: काय म्हणाले, कुठे सही करायची, किती वाजता यायचं. त्या रात्री विचारणारे आम्ही होतो. शाळामास्तर विचारत होते, मी विचारत होते.

दुसऱ्या रात्री सिनेमातली ती पेटी आली, जिच्यात पाहणाऱ्याला त्याचं सर्वांत प्रिय माणूस दिसतं. शशिरेखेला अभिमन्यू दिसला तेव्हा मावशींचा मुलगा ओरडला, “व्हिडिओ कॉल!” सगळे हसले. मावशी आल्या होत्या, पण कडेला, मुलगा दिसेल एवढ्या अंतरावर उभ्या. बसल्या नाहीत.

एक गोष्ट मात्र नात अगदी सहज सांगून गेली. एका प्रसंगात एक शिष्य भलताच शब्द बनवतो आणि घटोत्कच त्याची बाजू घेतो: शब्द कुणीतरी बनवल्याशिवाय तयार होणार कसे, अशा अर्थाचं. ते सांगितल्यावर ती थांबली आणि स्वतःहून म्हणाली, “आमच्यात चोर हा पण लाडाचा शब्द आहे. दोंग. आज्जी मला पण म्हणते.” हे तिला कोणी सांगायला सांगितलं नव्हतं. मी मावशींकडे बघितलं. त्यांचा चेहरा होता तसाच होता, आणि थोड्या वेळाने त्या मुलाला घेऊन निघून गेल्या.

दुसरा पडदा, आणि आमची चूक

पहिला प्रयोग बरा झाला म्हणून आम्ही फुशारलो. आता कैकाडींचा सिनेमा, असं ठरवूनच टाकलं. ‘फँड्री’ आमच्याच जिल्ह्यातल्या, करमाळा तालुक्यातून आलेल्या नागराज मंजुळे यांचा. पहिल्या सिनेमासाठी दिग्दर्शकाला मिळणारा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. त्यातलं कुटुंब कैकाडी आहे आणि घरातलं बोलणं काही ठिकाणी कैकाडीत आहे. मोठ्या पडद्यावर ही भाषा येते तरी कुठे? आम्हाला वाटलं, मावशींच्या घरी आनंद होईल.

कैकाडी घरांना विचारायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणणं सौम्य झालं. आम्हाला सुचलंच नाही.

हा सिनेमा हक्काखाली आहे, आणि मोबाइलवर पैसे भरले म्हणून मैदानात दाखवता येत नाही. रीतसर परवानगी मिळवण्यात पाच आठवडे गेले. पण पोस्टर आम्ही आधीच लावलं होतं, टाकीच्या भिंतीवर. नळाच्या अगदी समोर.

त्या पाच आठवड्यांत त्या पोस्टरखाली जे झालं ते मला ऐकीव माहीत आहे, तरी तीन जणींकडून सारखंच ऐकलं. अव्वांनी नातीला विचारलं, काय लिहिलंय. नातीने वाचलं: फँड्री. म्हणजे काय? नातीला माहीत नव्हतं. शेजारच्या रांगेतून मावशींनी, कुणाकडे न बघता, सांगितलं: “डुक्कर.” अव्वा म्हणाल्या, “पंदि?” तेलुगूत डुकराला पंदि म्हणतात. समोरच्या घरातल्या कन्नड काकू म्हणाल्या, “आमच्यात हंदि.” थोडा वेळ कोणी काही बोललं नाही, मग तिघी हसल्या.

तिन्ही शब्द एकाच घरातले आहेत. कैकाडी भाषा तमिळच्या जवळची, म्हणजे द्राविडी कुळातली, तमिळमध्ये पन्रि. आरंभीचा ‘प’ कन्नडमध्ये ‘ह’ होतो, दुधाला तेलुगूत पालु आणि कन्नडमध्ये हालु तसा. अभ्यासकांना हे जुनं आहे. पण नळावर घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायकांना हे स्वतः सापडलं, आणि तेही डुकराच्या नावात. त्यानंतर आठवडाभर तिथे शब्दांचा बाजार चालला होता म्हणे. रांगा दोनच होत्या, बोलणं मात्र आरपार. मराठी बायका यात बाहेरच्या ठरल्या, आणि त्याची त्यांना थोडी गंमत वाटली, थोडी वाटली नाही.

आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. माहीत असतं तर कदाचित तिथेच थांबलो असतो.

सिनेमाच्या आदल्या संध्याकाळी मावशींचे सासरे वाचनालयात आले. ते कधी येत नसत. खुर्ची दिली, बसले नाहीत. म्हणाले, “बाई, सिनेमा चांगला आहे. मी बघितलाय. पण आमचं डुक्कर धरणं आमच्या पोरांसमोर बाकीच्यांना दाखवायचं, हे कोणी ठरवलं?” मी सांगितलं की सिनेमा तुमच्या बाजूचा आहे, तुमचा अपमान करणाऱ्यांना तो दोषी धरतो. ते म्हणाले, “ते तुम्हाला कळतं.” आणि गेले.

त्या रात्री आम्ही वाद घातला. थांबवायचा की दाखवायचा? परवानगी आली होती, मांडव ठरला होता, पोरं वाट बघत होती. तिघं दाखवण्याच्या बाजूने, दोघं विरुद्ध. मी दाखवण्याच्या बाजूने होते. माझं म्हणणं असं की सत्य अवघड असलं तरी दाखवावं. आज ते वाक्य मला माझं वाटत नाही. सत्य दुसऱ्याचं होतं आणि अवघड त्यांना जाणार होतं.

सिनेमा झाला. शेवटच्या भागात, जिथे डुक्कर तावडीत आलेलं असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि कुटुंब जागच्या जागी उभं राहतं, तिथे मैदानात काहीजण खरंच उभे राहिले. मोठ्या माणसांपैकी कोणी हसलं नाही. पण पुढे बसलेली दहा-बारा वर्षांची पोरं डुकरामागच्या धावपळीला हसत होती. त्यांना ती पकडापकडीच दिसली. मावशी आल्या नव्हत्या, त्यांचा मुलगा आला होता.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर त्याला ‘फँड्री’ म्हणून हाक मारली गेली. तिसऱ्या दिवशी वर्गात. चौथ्या दिवसापासून तो शाळेत गेला नाही. ज्या शब्दाने पाच आठवडे नळावर तीन बायकांना जोडलं होतं, तोच शब्द चार दिवसांत त्याच्यावर दगडासारखा फेकला गेला. सिनेमा नेमकं हेच सांगतो, आणि ते त्या पोरांना कोणी थांबवून सांगितलं नाही, कारण यावेळी आम्ही मध्ये थांबवलंच नव्हतं. ‘बहुतेक मराठीतच आहे, कळेल’ असं आम्ही धरून चाललो.

नंतर काय केलं

मी मावशींकडे गेले. माफी मागितली. त्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या, शाळेत जाऊन काही बोलू नका, अजून वाढेल. आमच्यातल्या एकाला जाहीर दिलगिरी, फलक, सभा असं सगळं करायचं होतं. आम्ही मावशींचं ऐकलं. शिक्षकांना मात्र एकांतात सांगितलं. ते त्यांनी कसं हाताळलं त्याबद्दल लिहिण्यासारखं नाही.

पोरगा नऊ दिवसांनी शाळेत गेला. कोणामुळे, हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. अव्वांनी आपल्या नातवाला त्याच्याबरोबर चालायला लावलं, असं नात सांगते. तो स्वतः म्हणतो, घरी कंटाळा आला.

तिसरा पडदा आमचा नव्हता. महिन्याभराने मावशींची मोठी मुलगी आली, तिला प्रोजेक्टर आणि टाकीखालची जागा एका संध्याकाळपुरती हवी होती. तिने मोबाइलवर नऊ-दहा मिनिटांचं चित्रण केलं होतं: आजोबा टोपली विणताहेत आणि कैकाडीत बोलताहेत. खाली ओळी नाहीत, संगीत नाही, मध्येच कुकरची शिट्टी. पडद्याशेजारी स्वतः आजोबा उभे राहिले, हातात काठी. मुलगी थांबवायची, ते मराठीत सांगायचे.

काड्या कशा भिजवायच्या, बूड कसं बांधायचं, हे त्यांनी नीट सांगितलं. मग पडद्यावरचे आजोबा दीडेक मिनिट सलग बोलले, आवाज थोडा खाली आलेला. चित्र थांबलं. उभे असलेले आजोबा म्हणाले, “लहानपणी आम्ही तारेच्या आत होतो. हजेरी असायची. बापाला बाहेर जायला कागद लागायचा.” आणि मुलीला हाताने खूण केली, पुढे चालव.

समोरून कोणीतरी म्हणालं, “आजोबा, तिथं एवढं बोललात आणि मराठीत एवढंच?”

“उरलेलं घरातलं आहे.”

अव्वा पुढच्या ओळीत बसल्या होत्या. आजोबांनी जे सांगितलं नाही त्यातलं त्यांना किती समजलं, हे मी विचारलं नाही. अधूनमधून एखादा शब्द कळत असणार. त्या पदराने नाक पुसत होत्या, पण त्यांना तपकिरीची सवय आहे.

काय बदललं, काय नाही

चौकीवरची नोंद अजून आहे. ज्या बाईचं मंगळसूत्र तुटलं ती अव्वांची सून, आणि ती मावशींच्या घरच्या कोणाशी बोलत नाही. दोन रांगांची एक रांग झाली, पण त्याचं श्रेय सिनेमाला देणं बरोबर नाही. त्याच सुमारास दुसरा नळ आला.

मुलांनी बाकं पुन्हा मिसळली. ‘फँड्री’ ही हाक थांबली असं शिक्षक म्हणतात. मुलगा म्हणतो, कमी झाली.

मला दिसलेला ठोस बदल एवढाच की लोक विचारायला लागले. “काय म्हणालीस?” हा प्रश्न आधी भांडणाची सुरुवात असायचा, आता तो कधी कधी नुसता प्रश्न असतो.

आज पुन्हा करायचं झालं तर

कोणता सिनेमा, हा प्रश्न मी शेवटी ठेवेन. आधी हे विचारेन की हा दाखवायचा की नाही, हे कोण ठरवणार. तेलुगू सिनेमाच्या वेळी आम्ही अव्वांच्या घरी तीनदा गेलो होतो, कारण नात सांगणार होती. कैकाडी सिनेमाच्या वेळी सांगणारा लागणार नाही असं आम्हाला वाटलं, म्हणून गेलो नाही. म्हणजे पहिल्या वेळचा चांगुलपणाही सोयीतून आलेला होता, हे मान्य केलं पाहिजे.

दुसरं, मध्ये थांबणं. सिनेमावर प्रेम करणाऱ्यांना ते पाप वाटेल, मलाही वाटतं. पण पहिल्या आणि तिसऱ्या रात्री जे काही घडलं ते थांबलेल्या पडद्यापुढे घडलं. दुसऱ्या रात्री पडदा अखंड चालला आणि मैदानात प्रत्येकजण एकटा बघत होता.

आणि पोस्टर. ते आधी लावून ठेवायचं, पण सिनेमाची घाई करायची नाही. पाच आठवडे कमीच पडले असं मला वाटतं.

कन्नडचं काहीच केलं नाही, हेही इथे नोंदवते. कन्नड काकूंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “आमचं काय, आम्हाला सगळ्यांचंच कळतं.” आम्ही ते मान्य करून पुढे गेलो. त्यांचं कुणाला कळतं, हा प्रश्न तेव्हा सुचला नाही.

सध्या

नात दहावी होऊन हैदराबादला तिच्या आईच्या बहिणीकडे गेली, त्यामुळे तेलुगू सांगायला कोणी नाही. खाला म्हणतात, दखनीत काहीतरी दाखवा, आम्ही सांगू. पण दखनीतला सिनेमा शोधायचा की तिसऱ्या पडद्यासारखं त्यांनाच मोबाइल हातात द्यायचा, यावर आमचं एकमत झालेलं नाही. प्रोजेक्टरचा दिवा गेला आहे.

मागच्या महिन्यात पाणी संध्याकाळीच आलं होतं आणि मी नळाजवळून जात होते. नातवाने पुन्हा कुणाची तरी घागर सरकवली. अव्वा म्हणाल्या, “दोंग!” मावशींनी घागर खाली ठेवली आणि विचारलं, “कोणाला म्हणालीस?”

“याला,” अव्वा म्हणाल्या, आणि नातवाचा कान धरून दाखवला.

मावशींनी तो कान बघितला, आणि घागर नळाखाली सरकवली.